लघुग्रहाआड जाणारा तारा: पिधानाचा वेध कसा घ्यायचा

पिधानाचे, म्हणजे एखाद्या खगोलाने ताऱ्याला झाकण्याचे, वेध फसतात ते दुर्बीण लहान पडली म्हणून, असं फार क्वचित होतं. तारा सापडलेला असतो, तो डोळ्यांदेखत नाहीसाही होतो, आणि तरी नोंद कामाची नसते. घड्याळ दोन सेकंद पुढे असतं, गच्चीचे अक्षांश-रेखांश अंदाजाने टाकलेले असतात, नाहीतर सगळी तयारी करून माणूस एक रात्र उशिरा गच्चीवर पोचलेला असतो. म्हणून या लेखात दुर्बिणीबद्दल थोडं आणि वेळ, जागा, क्रम यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

मोठ्या ग्रहाने ठळक तारा झाकण्याची वाट पाहायची तर आयुष्य पुरायला हवं. शुक्राने मघा तारा झाकला तो ७ जुलै १९५९ रोजी. पुन्हा झाकेल १ ऑक्टोबर २०४४ रोजी. लघुग्रहांचं तसं नाही. ते संख्येने इतके आहेत की कुठल्या ना कुठल्या ताऱ्यासमोरून कुणी ना कुणी जातच असतो. म्हणून इथली सगळी पद्धत लघुग्रहांच्या पिधानाची आहे.

दिसतं काय? लघुग्रह स्वतः बहुधा दिसतच नाही. तारा शांत तेवत असतो, एका क्षणी विझतो आणि काही सेकंदांनी पुन्हा जागेवर येतो. ताऱ्याच्या प्रकाशात पडलेली लघुग्रहाची सावली पृथ्वीवरून धावत जाते आणि ती साधारण लघुग्रहाएवढीच रुंद असते. त्या पट्ट्यात तुम्ही असलात तर पिधान दिसतं, बाहेर असलात तर तारा जसाच्या तसा. चंद्र एखादा तारा झाकतो तेव्हा अर्ध्या देशाला एकदम दिसतं, तशी चैन इथे नाही.

## टप्पा १: प्रसंग निवडणं (दोन-तीन आठवडे आधी)

भाकितांसाठी ऑकल्टवॉचर हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचं आहे. तुमची जागा भरली की जवळून जाणाऱ्या सावल्यांची यादी मिळते. नवखा माणूस त्या यादीत सगळ्यांत मोठा किंवा ओळखीच्या नावाचा लघुग्रह शोधतो आणि तिथेच पहिली चूक होते. आधी ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, पाहा. हा आकडा जितका लहान तितका तारा ठळक. पहिल्या खेपेला ९ किंवा त्याहून ठळक तारा घ्या. मग प्रकाशात होणारी घट, मग पिधानाचा कालावधी, मग ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची. ३० अंशांच्या खाली तारा असेल तर वातावरणामुळे तो इतका लुकलुकतो की दोन सेकंदांचं पिधान त्यात हरवून जातं.

प्रकाशातली घट नीट समजून घ्या. पिधानाआधी तुम्हाला तारा आणि लघुग्रह यांचा एकत्रित प्रकाश दिसतो, पिधानात फक्त लघुग्रहाचा उरतो. तारा ९ प्रतीचा आणि लघुग्रह १३.५ प्रतीचा असेल तर तारा पूर्ण विझल्यासारखा वाटतो. तारा ९ आणि लघुग्रह ९.५ असेल तर घट एका प्रतीच्या आसपास राहते. डोळ्याला कळेल, पण आधीपासून टक लावलेली असेल तरच. तारा १० आणि लघुग्रह ८ असेल तर घट जेमतेम ०.१६ प्रत. मोठ्या, तेजस्वी लघुग्रहामागे धावणाऱ्यांची निराशा इथे होते.

कालावधी दोन सेकंदांपेक्षा कमी असेल तर नुसत्या डोळ्याने नोंद घेण्याचा हट्ट धरू नका. कॅमेरा नसेल तर पुढचा प्रसंग निवडा.

इशारा: तारीख. भाकितं जागतिक वेळेत असतात. भारतीय प्रमाणवेळ त्यापुढे साडेपाच तास. जागतिक वेळ १८:३० झाली की आपल्याकडे पुढची तारीख लागते. भाकितात १४ जानेवारी, २०:१७ असेल तर तुमच्या घड्याळात ती १५ जानेवारीची पहाट, १ वाजून ४७ मिनिटं. म्हणजे तुम्हाला १४ तारखेच्या रात्री जेवून गच्चीवर जायचं आहे, १५ तारखेच्या नाही. कागदावर ‘१४ च्या रात्री, १५ उजाडण्याआधी’ असं शब्दांत लिहून ठेवा. आकड्यांत लिहिलेलं मध्यरात्री चुकीचं वाचलं जातं.

तपासणी: प्रसंगाच्या आदल्या दिवशी भाकीत पुन्हा उघडा. गाया उपग्रहाच्या सूचीमुळे ताऱ्यांची स्थानं आता अतिशय अचूक मिळतात, पण लघुग्रहाच्या कक्षेतली चूक शिल्लक राहते. नवे वेध आले की सावलीचा पट्टा सरकतो. दोन आठवड्यांपूर्वी पट्ट्यात असलेलं गाव आदल्या दिवशी बाहेर गेलेलं असू शकतं.

## टप्पा २: जागा ठरवणं आणि मोजणं

घरची गच्ची पट्ट्यात असेल तर उत्तम. मात्र सोसायटीच्या गच्चीची किल्ली संध्याकाळीच ताब्यात घ्या. पहाटे दोनला सेक्रेटरींना उठवून पिधान समजावून सांगणं कुणालाच जमत नाही. बाहेरगावी जाणार असाल तर गावच्या पोलीस पाटलांना दिवसाउजेडी भेटून या. रात्री शेताच्या बांधावर तिकाटण्यावर नळकांडं रोखून बसलेली अनोळखी माणसं पाहून गावकऱ्यांनी विचारपूस करणं साहजिकच आहे. जुन्नर-आंबेगावच्या बाजूला उसाच्या फडाजवळ ठाण मांडू नका. बिबट्याला तुमच्या वेधाशी देणंघेणं नाही.

आता मोजमाप. अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, तिन्ही हवेत. दुर्बीण जिथे उभी राहणार त्या जागेचे, गावाचे नाही. मोबाइलच्या जीपीएसवर काही मिनिटं वाचन स्थिर होऊ द्या आणि नकाशावर टोचून पडताळा. दहा-वीस मीटरची अचूकता पुरेशी आहे आणि ती सहज मिळते.

इशारा: अंश-कला-विकला आणि दशांश. १८ अंश ३१ कला १२ विकला म्हणजे दशांशात १८.५२. तेच घाईत १८.३११२ असं लिहिलं तर तुम्ही स्वतःला २३ किलोमीटर दक्षिणेला नेऊन बसवलंत. अनेक लघुग्रहांच्या सावलीचा अर्धा पट्टाही तेवढा रुंद नसतो.

गटाने वेध घेणार असाल तर एकाच गच्चीवर पाच दुर्बिणी मांडून फारसा उपयोग नाही. प्रत्येक जागेवरून लघुग्रहाच्या आकृतीची एक जीवा, म्हणजे आकृतीला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत छेदणारी रेषा, मिळते. एका गच्चीवरच्या पाचही जणांची जीवा एकच. पट्ट्याला आडवं पसरा. सावली पूर्व-पश्चिम जात असेल तर पुणे आणि दौंड सत्तर किलोमीटर लांब असूनही जवळजवळ एकाच जीवेवर येतात. याउलट पुणे-नाशिक रस्त्यावर राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशी माणसं बसली तर साधारण पंधरा-पंधरा किलोमीटर अंतराच्या तीन जीवा मिळतात, आणि तीन जीवांवरून लघुग्रहाच्या आकाराचा अंदाज बांधता येतो.

## टप्पा ३: तारा शोधण्याची तालीम (किमान एक रात्र आधी)

प्रसंगाच्या रात्री पहिल्यांदा तारा शोधायला बसणं म्हणजे वेध गमावण्याची खात्रीशीर रीत. आदल्या रात्री, प्रसंगाच्या वेळेपेक्षा चार मिनिटं उशिरा, आकाशाचा तोच भाग त्याच जागी असतो. तेव्हा दुर्बीण लावा. झाड, पाण्याची टाकी, शेजारच्या इमारतीचा दिवा आड येतो का ते तेव्हाच कळेल.

स्टेलेरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरवरून दोन नकाशे काढा: एक फाइंडरसाठी (दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीसाठी) मोठ्या क्षेत्राचा, एक आयपीसमधला (डोळा लावायच्या भिंगातून दिसतो तो). दुर्बिणीच्या प्रकारानुसार प्रतिमा फिरते हे विसरू नका. न्यूटनियन किंवा डॉब्सोनियन या आरशाच्या दुर्बिणींमध्ये प्रतिमा उलटी दिसते, म्हणजे कागद १८० अंशांत फिरवला की जुळते. पण भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावला असेल तर प्रतिमेची डावी-उजवी बाजू बदलते आणि कागद कितीही फिरवला तरी जुळत नाही. सॉफ्टवेअरमध्येच नकाशा आडवा उलटवून छापा. चुकीचा तारा पकडून मिनिटं मोजत बसणारे बहुतेक जण इथेच फसलेले असतात.

तपासणी: लक्ष्य-ताऱ्याभोवतीच्या तीन-चार ताऱ्यांची आकृती ओळखता आली पाहिजे. ‘हाच असावा’ हे पुरेसं नाही.

ट्रॅकिंग, म्हणजे आकाशाबरोबर दुर्बीण आपोआप फिरवण्याची सोय, नसलेल्यांसाठी एक युक्ती. दुर्बीण न हलवता ठेवली की आकाश तिच्यासमोरून सरकत जातं. आत्ता जिथे रोखाल तिथे चाळीस मिनिटांनी त्याच क्रांतीचा (क्रांती म्हणजे आकाशातले अक्षांश), पण विषुवांशाने (म्हणजे तास-मिनिटांत मोजल्या जाणाऱ्या आकाशातल्या रेखांशाने) चाळीस मिनिटं जास्त असलेला तारा येईल. म्हणून लक्ष्य-ताऱ्याच्याच क्रांतीवरचा, पण विषुवांश तेवढाच कमी असलेला एखादा ठळक तारा आधी निवडून ठेवा, ठरलेल्या मिनिटाला तो क्षेत्राच्या मध्यावर आणा, दुर्बीण घट्ट करा आणि हात काढून घ्या. खगोलीय विषुववृत्ताजवळ एक अंशाचं क्षेत्र तारा चार मिनिटांत ओलांडतो, तेव्हा मध्याच्या आधी-नंतर दोन-दोन मिनिटं मिळतात. त्यासाठी कमी वर्धनाचं, मोठ्या क्षेत्राचं आयपीस वापरा.

## टप्पा ४: वेळ

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही इथेच. सावली सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगाने जाते. वेळ एक सेकंद चुकली तर लघुग्रह आकाशात तेवढा सरकलेला निघतो, आणि तुमची जीवा इतरांच्या जीवांशी जुळत नाही.

मोबाइलचं घड्याळ बरोबरच असतं, हा समज सोडा. ते एखाद्या सेकंदाने सहज मागे-पुढे असू शकतं, आणि पडद्यावर मिनिटं बदलताना पाहून तुम्हाला ते कळणार नाही. आकाशवाणीचे ठोके ॲपवरून ऐकणं त्याहून वाईट, कारण इंटरनेटवरचा आवाज काही सेकंद उशिरा पोचतो. टीव्हीवरच्या घड्याळाचंही तेच.

भरवशाचे स्रोत दोन. एक, जीपीएस. दुसरा, इंटरनेटवरून वेळ जुळवणारी एनटीपी सेवा. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणारी नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळाही अशी सेवा देते. लॅपटॉपवर एनटीपीचं स्वतंत्र सॉफ्टवेअर टाकून ते दोन तास आधी चालू ठेवा. विंडोजची मूळ वेळ-जुळणी या कामाला पुरत नाही, ती क्वचितच जुळवते.

इशारा: अठरा सेकंद. जीपीएसची अंतर्गत वेळ जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. यंत्र ही दुरुस्ती उपग्रहाकडून घेतं, पण पूर्ण माहिती उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. बराच काळ बंद असलेलं यंत्र चालू केल्या केल्या दाखवलेली वेळ चुकीची असू शकते. वीस मिनिटं उघड्या आकाशाखाली चालू ठेवा, मग विश्वास टाका.

डोळ्याने वेध घेणाऱ्यांनी असं करावं. एका फोनवर दर सेकंदाला टिक वाजवणारं, जीपीएस किंवा एनटीपीशी जुळलेलं ॲप चालवा. दुसऱ्या फोनवर ध्वनिमुद्रण चालू करा. मुद्रणाच्या सुरुवातीला आणि शेवटी तारीख आणि मिनिट स्पष्ट बोला. तारा गेला की ‘टक्’, आला की पुन्हा ‘टक्’. ‘गेला’, ‘आला’ म्हणू नका: ‘आला’ स्वराने सुरू होतो आणि मुद्रणात त्याची नेमकी सुरुवात सापडत नाही. ब्लूटूथ स्पीकर वापरू नका, तो आवाज उशिरा देतो. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवरच टिक वाजू द्या.

मग राहते तुमची स्वतःची दिरंगाई. डोळ्याने पाहिलं ते तोंडातून निघेपर्यंत साधारण पाव ते अर्धा सेकंद जातो, आणि हा आकडा माणसागणिक वेगळा. तो आधी मोजून ठेवा. मित्राला लांब उभं करून टॉर्च अनपेक्षितपणे विझवायला सांगा, तुम्ही ‘टक्’ म्हणा, आणि हे सगळं एकाच व्हिडिओत टिपा. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवून प्रकाश गेल्यापासून आवाज उमटेपर्यंतचं अंतर मोजा. दहा वेळा करून सरासरी काढा. तीच तुमची वजाबाकी. थंडीत, झोप अनावर झालेली असताना हा आकडा वाढतो, म्हणून तालीम त्याच सुमाराला केलेली बरी.

## टप्पा ५: कॅमेरा असेल तर

अपेक्षित पिधान तीन सेकंदांचं असेल तर एका फ्रेमला ०.१ ते ०.२ सेकंद द्या. पिधानात किमान दहा फ्रेम बसाव्यात हा साधा हिशेब. ऑटो-एक्स्पोजर, ऑटो-गेन बंद. हे विसरलात तर तारा मंदावल्यावर कॅमेरा आपणहून संवेदनशीलता वाढवतो आणि घट लपवतो. मोबाइल कॅमेऱ्याचा नाइट मोडही बंद, तो अनेक फ्रेम एकत्र करतो.

चौकटीत लक्ष्य-ताऱ्याबरोबर तेवढ्याच तेजाचा निदान एक तुलना-तारा हवा. दोघेही एकदम मंदावले तर तो ढग. एकटं लक्ष्य मंदावलं तर पिधान. तुलना-तारा नसलेल्या चित्रणावर नंतर कुणी वाद घातला तर तुमच्याकडे उत्तर नसतं.

तपासणी: पाच मिनिटांचं पूर्ण चित्रण आधी करून पाहा आणि गळालेल्या फ्रेम मोजा. लॅपटॉपची मंद हार्ड डिस्क फ्रेम गिळते, आणि गिळलेल्या फ्रेमबरोबर वेळही जाते.

## टप्पा ६: प्रसंगाची रात्र

* ९० मिनिटं आधी: दुर्बीण बाहेर. आरसा हवेच्या तापमानाला येऊ द्या. लॅपटॉपचे अपडेट, स्क्रीनसेव्हर, झोपेचा मोड बंद. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर.
* ६० मिनिटं आधी: तारा सापडलेला असला पाहिजे. नसेल तर उरलेली सगळी कामं बाजूला ठेवून आधी तारा.
* ३० मिनिटं आधी: जीपीएस चालू, वेळेची जुळणी पडताळणं. हिवाळ्यात भिंगावर दव आहे का ते टॉर्च तिरपा धरून पाहा. जाड कागदाची नळी पुढे गुंडाळली तरी दव बरंच थांबतं.
* १० मिनिटं आधी: फोकस आणि तारा शेवटचा तपासा. यापुढे फोकसला हात नाही.
* ३ मिनिटं आधी: मुद्रण सुरू.
* भाकिताच्या वेळेआधी आणि नंतर किमान दोन-दोन मिनिटं: नजर हलवायची नाही. पापणी मिटणं टाळता येत नाही, पण ती जाणीवपूर्वक मिटा, म्हणजे पापणीचा अंधार पिधान समजला जाणार नाही.

एवढ्या लवकर का सुरू करायचं? भाकितात चूक असते हे एक कारण. दुसरं जास्त रंजक आहे. १० मार्च १९७७ रोजी युरेनसने एक तारा झाकला तेव्हा मुख्य पिधानाच्या बऱ्याच आधी तारा क्षणभर मंदावताना दिसला, आणि त्यातून युरेनसची कडी सापडली. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतूनही ते वेध घेतले गेले होते. लघुग्रहांनाही चंद्र असतात. मुख्य पिधानाच्या आधी किंवा नंतर एखादा छोटा झपका दिसला तर ‘भास असेल’ म्हणून सोडून देऊ नका. तिथेही ‘टक्’ म्हणा.

तारा एकदम न विझता पायरीपायरीने विझला तर तो जुळा तारा असू शकतो. राक्षसी ताऱ्यांच्या बाबतीत प्रकाश हळूहळूही उतरतो. १२ डिसेंबर २०२३ रोजी लिओना लघुग्रह मृग नक्षत्रातल्या काक्षी, म्हणजे बीटलज्यूससमोरून गेला तेव्हा ताऱ्याची चकती लघुग्रहाच्या दृश्य आकाराच्या जवळपास असल्याने तारा पुरता विझण्याची अपेक्षाच नव्हती. असं काही दिसलं तर वर्णन मुद्रणातच बोलून ठेवा.

प्रसंग संपल्यावर लगेच आवराआवर करू नका. मुद्रणाच्या शेवटी वेळ पुन्हा एकदा बोला, हवामान सांगा, मगच बंद करा.

## टप्पा ७: मोजणी

व्हिडिओसाठी टॅन्ग्रा किंवा पायमूव्ही हे सॉफ्टवेअर वापरता येतं. लक्ष्य आणि तुलना-तारा, दोघांचा प्रकाश फ्रेमगणिक मोजून आलेख काढा. एकाच फ्रेममध्ये आलेली घट सहसा वातावरणाचा खेळ असते. ती घट इतरत्रही तेवढ्याच खोलीने अनेकदा येत असेल तर ती पिधान नाही.

जीवेची लांबी काढणं सोपं आहे. कालावधी ३.२ सेकंद आणि भाकितात दिलेला सावलीचा वेग सेकंदाला १४ किलोमीटर असेल तर जीवा ४४.८ किलोमीटर. लघुग्रहाचा व्यास ६० सांगितलेला असेल तर आकडा चुकला असं समजू नका. तुमच्यावरून सावलीचा मध्य गेला नसेल एवढंच.

इशारा: भाकिताशी जुळावं म्हणून आपली वेळ ‘सुधारू’ नका. भाकीत चुकलं असेल तर ते कळण्याचा मार्ग तुमची नोंद हाच आहे.

## टप्पा ८: अहवाल

इंटरनॅशनल ऑकल्टेशन टायमिंग असोसिएशन, म्हणजे आयोटा, हे वेध गोळा करते. अहवालात जागेचे तिन्ही आकडे, दुर्बीण, वेळेचा स्रोत, तारा गेल्याची आणि आल्याची जागतिक वेळ, दोन्हींतली संभाव्य चूक आणि आकाशाची स्थिती हवी. प्रतिक्रियेची दिरंगाई वजा केली आहे की नाही हे स्पष्ट लिहा. दोनदा वजा झालेल्या नोंदी हा नेहमीचा घोटाळा आहे.

तारा विझलाच नाही तर? तीही नोंद पाठवा. पट्ट्याच्या कडेला बसलेल्या माणसाने ‘पूर्ण वेळ पाहिलं, पिधान नाही’ असं खात्रीने कळवलं की लघुग्रह तिथवर पोचत नाही हे ठरतं, आणि आकृतीची कड बांधली जाते. आपल्याकडे असे वेध बहुधा ‘काही दिसलं नाही’ म्हणून वहीतच राहतात.

पण ढग आले होते, तारा पाच मिनिटं उशिरा सापडला किंवा ओळखीबद्दल शंका होती, तर ते ‘पिधान नाही’ नव्हे. ते ‘वेध झाला नाही’. या दोहोंत गल्लत केली तर कुणाची तरी बरोबर आलेली जीवा तुमच्या नोंदीमुळे संशयात सापडते.

मूळ व्हिडिओ किंवा ध्वनिमुद्रण अहवाल पाठवल्यानंतरही जपून ठेवा, आणि व्हॉट्सॲपवरून पाठवलेली आकुंचित प्रत मूळ म्हणून ठेवू नका. शेजारच्या जीवेशी नोंद जुळली नाही की समन्वयक पहिल्यांदा तीच फाइल मागतात.